माळ्यावरची इरली आणि हॉलंडची कंपनी

उधव्याच्या वरच्या पाड्यातला हिरू इरली बांधतो. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पळसाची पानं घट्ट बसवलेली, डोक्यावर घेतलं की पाठ कमरेखालपर्यंत झाकली जाते. आवणीच्या दिवसांत वाकून रोपं लावताना दोन्ही हात मोकळे राहतात आणि पाठ कोरडी राहते. हे सगळं झालं जुनं. तलासरीच्या बाजारात प्लास्टिकचे कागद आले, मग रेनकोट आले, आणि इरलं विकत घेणारं माणूस राहिलं नाही. कोणीही शहाण्या माणसाने धंदा बंद केला असता. हिरू शहाणा आहे की नाही यावर पाड्यात दोन मतं आहेत, आणि त्यातलं एक फक्त त्याचं स्वतःचं आहे.

त्याचं म्हणणं एवढंच, की हाताला सवय आहे. शेतावरून आला, भाकर खाल्ली, की कोयता घेऊन कामट्या काढायला बसायचं. उन्हाळ्यातसुद्धा. मग झालेलं इरलं कुठे ठेवायचं? माळ्यावर. माळा भरला. मग ओटीवर, मग बकऱ्यांच्या गोठ्यात. गोठ्यातली बकऱ्यांनी खाल्ली, तेव्हा हिरू दोन दिवस बकऱ्यांशी बोलला नाही.

त्याची बायको सुकी मात्र रोज बोलायची. सुकी अंगाने बारीक, पण तिचा आवाज खालच्या पाड्यापर्यंत जातो. घर तिने सांभाळलं, शेत तिने सांभाळलं, आणि इरल्यांना पानं बसवायची ती पण तिनेच, कारण हिरूला सांगाडा छान जमतो पण पानं बसवताना त्याचा जीव जातो. शिव्या घालत घालत पानं बसवायची, अशी तिची पद्धत. हिरूने पहिलं इरलं केलं ते लग्नानंतरच्या पहिल्या आवणीला, तिच्यासाठीच. जरा वाकडं झालं होतं, डाव्या बाजूला कललेलं. जयवंती जन्मली त्या वर्षी सुकीने ते बाळंतिणीच्या पाण्यासाठी चुलीत घातलं, असं हिरू सांगतो. सव्वीस वर्षं सांगतो आहे. सुकी त्यावर काही बोलत नाही, आणि सुकी ज्यावर बोलत नाही अशी ही एकच गोष्ट आहे.

तर यंदा भात बरं आलं. नवी कणगी विणून झाली. कणगी ठेवायची कुठे, तर माळ्यावर, आणि माळ्यावर कौलांपर्यंत इरली. सुकीने गणपती उठले त्याच दिवशी सांगून टाकलं.

"भात घरात येईल त्या दिवशी माळा रिकामा पायजे. नायतर एकेक इरलं चुलीत. माझी वर्षाची लाकडं वाचतील."

सुकी बोलते ते करते हे हिरूला ठाऊक होतं. तीस वर्षांचं काम, आणि त्यावर अंघोळीचं पाणी तापणार.

आता यात हॉलंड कुठून आलं ते सांगतो. मागच्या पावसाळ्यात दोन गोऱ्या बायका सायकलीवरून गुजरातकडे चालल्या होत्या. उधव्याच्या फाट्यावर पावसाने त्यांना गाठलं. समोरून हिरू आला, तोही सायकलवर, डोक्यावर इरलं, दोन्ही हात हँडलवर, अंगावर पाण्याचा थेंब नाही. त्यातली एक, मार्लीस तिचं नाव, खाली उतरून हिरूच्या भोवती दोनदा फिरली. हिरूला वाटलं, इरल्याला काही चिकटलं असेल. तिने खुणा करून ते मागितलं, हिरूने काढून दिलं, खिशातल्या चिठ्ठीवरचा मुलीचा फोन नंबरही दिला आणि स्वतः भिजत घरी आला. सुकी काय बोलली ते लिहायला जागा नाही.

मार्लीसच्या गावी, हॉलंडला, म्हणे रोज पाऊस पडतो आणि म्हातारी-कोतारी सगळी सायकल चालवतात. तिने तिकडे जाऊन इरलं घालून सायकल चालवली. लोकांनी फोटो काढले. मग लोक विचारायला लागले, कुठे मिळतं. तिने जयवंतीच्या फोनवर लांबलचक निरोप पाठवला, की असतील तितकी पाठवा, पण आधी इथे हॉलंडला हिरूच्या घरच्यांची कंपनी काढा. नाहीतर उद्या इथला कोणीतरी आपलं नाव लावून हेच विकेल आणि तुम्ही बघत बसाल.

जयवंती ही हिरूची मुलगी. डहाणूला सरावलीत खोली घेऊन राहते आणि तिथल्याच मसोलीला जयश्रीताई वकिलांकडे टायपिंग करते. जयश्रीताईंची वकिली म्हणजे सातबाऱ्यावरची नावं, चिकूच्या वाडीचं कुंपण कोणी सरकवलं, आणि भावाभावांची भांडणं. परदेशात कंपनी त्यांनी जन्मात काढली नव्हती. पण जयश्रीताईंचा स्वभाव असा, की अशिलासमोर "मला येत नाही" हे शब्द तोंडातून निघत नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "त्यात काय आहे? कंपनी म्हणजे कंपनी. इथली काय, तिथली काय."

त्या रात्रीपासून त्यांची झोप उडाली, हे नंतर त्यांनीच सांगितलं.

पहिलं काम पासपोर्टचं. हिरू फोटोला एकटा बसेना. आयुष्यात त्याचा एकच फोटो निघाला होता, लग्नातला, आणि त्यात शेजारी सुकी होती. शेवटी जयवंतीने दोघांचेही अर्ज भरले. चौकशीला पोलीस पाड्यावर आला आणि विचारता झाला, "परदेशात कशासाठी जाताय?"

"आमी नाय जात," हिरू म्हणाला. "इरली जातात."

पोलिसाने माळ्याकडे बघितलं, सुकीकडे बघितलं, चहा घेतला आणि गेला. पासपोर्ट आले. सुकीने तिचा तांदळाच्या डब्यात ठेवला, कारण तिथे वाळवी लागत नाही.

मग कागद आले. हॉलंडला कंपनी काढायची तर नोटरीशिवाय होत नाही. हे ऐकून जयश्रीताईंना हायसं वाटलं, कारण डहाणूला नोटरी म्हणजे दोन मिनिटांचं काम. तिकडचा नोटरी निघाला वेगळाच. त्याने चाळीस पानं पाठवली आणि प्रत्येक पानावर प्रश्न. जयश्रीताईंनी ती जयवंतीकडे दिली. "तुझ्याच घरचं आहे, तूच भर. मी सही करते."

जयवंतीने मन लावून भरलं. त्यात एक रकाना होता, की या सगळ्याचा खरा, शेवटचा मालक कोण. जयवंतीने कोणाला न विचारता लिहिलं, गावदेव. आता यात तिचं काय चुकलं? बांबूचं बेट गावदेवाच्या माळावरचं. त्याला विचारल्याशिवाय पाड्यातलं कोणी तिथे कोयता लावत नाही. दरवर्षीचं पहिलं इरलं देवाच्या दगडावर चढतं, मग बाकीची. लहानपणापासून तिला हेच ठाऊक. चाळीस पानांतला तो एकच प्रश्न तिला सोपा वाटला होता.

जयश्रीताईंनी न वाचता सही केली. आठवड्याने नोटरीचं उत्तर आलं. श्री. गावदेव यांचा पासपोर्ट पाठवावा. राहत्या पत्त्याचा पुरावा पाठवावा, तीन महिन्यांहून जुना नको. ते कुठल्या राजकीय पदावर आहेत काय, तेही कळवावं.

जयश्रीताईंनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढला, पुसला आणि जयवंतीकडे बघितलं.

"जयवंती, हे गावदेव म्हणजे आपले गावदेव?"

"हो, ताई."

"उंबराखालचे?"

"हो."

"त्यांचं लाइट बिल कुठून आणू मी?"

दुसऱ्याच दिवशी जयश्रीताई स्कूटरवर बसून डहाणूहून उधव्याला आल्या. ओटीवर दोन इरली बाजूला सारून जागा केली, तेव्हा त्यांना बसता आलं.

"हिरूकाका, सिम्पल आहे," त्या म्हणाल्या. "इथे लिहायचं, मालक हिरू. खाली अंगठा नाहीतर सही. बस."

"मी मालक नाय, वकीलबाय."

"अहो, कागदापुरतं."

"कागदावर एक आन् माळावर एक, असं कसं?" हिरू म्हणाला. "उद्या बेटात कोयता घेऊन जाईन. देव इचारेल, हिरू, बांबू कोणाचा? मंग काय सांगू? हॉलंडला इचार म्हणू?"

जयश्रीताईंनी तासभर समजावलं. कोर्टात त्यांनी भल्याभल्यांना गप्प केलं आहे, पण हिरू गप्प बसूनच भांडतो, त्याला गप्प कसं करणार? तो कामट्या तासत राहिला. त्याला कंपनी हवी होती. इरली वाचायला हवी होती. रात्री झोपेत त्याला चुलीतला जाळ दिसायचा. पण देवाच्या वस्तूवर आपलं नाव लावायचं म्हटलं की हात उचलत नव्हता.

एवढ्यात सुकी शेतावरून आली. "भात कापायला झालं," ती म्हणाली. "परवा पहिला भारा घरात येतो." मग तिने माळ्याकडे नुसतं बघितलं.

शेवटी जयश्रीताई म्हणाल्या, "मग असं करू. नोटरीसाहेबांनाच व्हिडिओवर घेऊ. काय ते समोरासमोर होऊन जाऊ दे." जाताना हिरूने त्यांना एक इरलं दिलं. त्यांनी ते स्कूटरवर डोक्यालाच घातलं, आणि तलासरी नाक्यापर्यंत ज्याने त्याने वळून बघितलं.

ठरलं दुसऱ्या दिवशी अडीच वाजता, म्हणजे तिकडे सकाळचे अकरा. पण पाड्यात मोबाईलला रेंज फक्त एका ठिकाणी मिळते, गावदेवाच्या माळावर, उंबराजवळ. जयवंतीने फोन बांबूच्या खुंट्याला बांधला. समोर हिरू धुतलेला शर्ट घालून बसला, बाजूला जयश्रीताई काळा कोट घालून, एवढ्या उन्हात. मागे गावदेवाचा दगड, शेंदूर लावलेला, यंदाचं पहिलं इरलं डोक्यावर घेतलेला. आणि दगडाच्या शेजारी सूप घेऊन बाबल्या भगत. बाबल्याला हिरूनेच बोलावलं होतं, कारण देवाबद्दल बोलायचं आणि देवाला विचारायचं नाही हे काही बरं दिसलं नसतं.

पडद्यावर नोटरी आला. टाय लावलेला, चेहऱ्याला इस्त्री केलेली. दुसऱ्या चौकटीत मार्लीस हात हलवत होती. नोटरीने सगळ्यांची नावं विचारली आणि टिपून घेतली. मग म्हणाला, जयवंतीने ते मराठीत सांगितलं, "मागे ते इरलं घातलेले गृहस्थ कोण आहेत? ते मघापासून हलले नाहीत."

"तेच श्री. गावदेव," जयश्रीताई म्हणाल्या. आवाज अगदी कोर्टातला.

नोटरीने समोरचे कागद चाळले. मग त्याने विचारलं, ते स्वतः काही सांगू शकतील काय.

"कौल लावतो," बाबल्या म्हणाला. त्याने सुपात तांदळाचे दाणे टाकले, दोन दोन करून मोजायला लागला, ओठ हलवत. हॉलंडच्या कचेरीत नोटरी पुढे वाकून बघत होता. हे काय चाललं आहे, त्याने विचारलं. मार्लीस म्हणाली, ज्येष्ठ भागीदारांचा सल्ला घेत आहेत. नोटरीने तेही टिपून घेतलं.

बाबल्याने तीनदा दाणे टाकले. घाम पुसला. मग म्हणाला, "देव म्हणतो, बांबू माझा. पानं माझी. पण इरलं मी नाय केलं. त्याचं मना इचारू नका."

हिरूच्या खांद्यावरून अर्धं ओझं उतरलं आणि अर्धं तिथेच राहिलं. देव मालक नाही, हे झालं. पण मग कोण? "मी" म्हणावं, तर तेही पुरतं खरं नव्हतं. सांगाडा त्याचा, बरोबर. पण पानांशिवाय सांगाडा म्हणजे काय, कोंबड्या झाकायचा झाप.

नोटरीने घड्याळ बघितलं. मग समजूतदारपणे म्हणाला, की मालक म्हणजे कागदावर ज्याचं नाव तो नव्हे. कायदा असं विचारतो, की या मालाचं शेवटी काय करायचं, ठेवायचा, द्यायचा की नष्ट करायचा, हे ज्याच्या शब्दावर ठरतं, असा माणूस कोण? जयवंतीने शब्दन् शब्द सांगितला, सावकाश, सगळ्या पाड्याला ऐकू जाईल असा. कारण सगळा पाडा तोवर जमलाच होता.

आणि नेमकी तेव्हा मागून सुकी आली. शेतावरून थेट, हातात विळा, डोक्यावर भाताचा पहिला भारा. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"इथं काय सभा भरवली?" ती म्हणाली. "भात एक दिस आधीच आलं. माळा रिकामा झाला काय? नाय ना? मंग सांजेला चूल पेटवत्ये. सगळी घालत्ये. एक ठेवत नाय."

सगळ्या पाड्याने मान वळवून सुकीकडे बघितलं. मग सगळ्यांनी मान वळवून फोनकडे बघितलं. बाबल्याने दाणे गोळा केले, आता त्यांचं काम उरलं नव्हतं.

"या बाई काय म्हणाल्या?" नोटरीने विचारलं.

जयवंतीने जसंच्या तसं सांगितलं, चुलीसकट. नोटरीचा चेहरा पहिल्यांदाच हलला. तो म्हणाला, यांना जवळ बोलवा.

भारा डोक्यावर तसाच ठेवून सुकी फोनसमोर उभी राहिली. नोटरीने विचारलं, या मालाचा निर्णय तुम्ही एकट्या घेऊ शकता का? कोणाला विचारावं लागतं का?

"कोणाला इचारू?" सुकी म्हणाली. "तीस वरसं मीच ठरवत्ये. पानं मी लावत्ये, जागा मी देत्ये, बकऱ्या मी हाकलत्ये. ह्यो नुसता बांधतो."

"पतींना हे मान्य आहे का?"

हिरूने सुकीकडे बघितलं. तिच्या केसांत भाताची काडी अडकली होती, कपाळावरून घाम ओघळत होता. त्याला एकदम इतकं मोकळं वाटलं, की हसूच आलं.

"तिचंच हाय," तो म्हणाला. "पयल्यापासून. मनाच समजलं नव्हतं."

जयश्रीताईंनी काळ्या कोटाच्या बाहीने डोळे पुसले आणि ऊन फार आहे असं म्हणाल्या. पासपोर्ट तांदळाच्या डब्यातून निघाला, त्याला थोडा कोंडा लागला होता. पुढे नियमांच्या कागदात जयश्रीताईंनी एक कलम घातलं, की दरवर्षीचं पहिलं इरलं विकायचं नाही, ते ज्येष्ठ सल्लागारांना द्यायचं. नोटरीने त्यावर एकही प्रश्न विचारला नाही. सगळ्या कामात एवढं एकच कलम बिनबोभाट पास झालं, असं जयश्रीताई अजून सांगतात. आता मसोलीत त्यांच्या पाटीवर खाली बारीक अक्षरांत लिहिलं आहे, परदेशी कंपनीची कामे केली जातील. अजून दुसरं कोणी आलेलं नाही.

चूल त्या संध्याकाळी पेटली, पण भातासाठी. कंपनी उभी राहायला आणखी दिवस लागणार होते, म्हणून मालकीणबाईंनी पहिला हुकूम दिला, की माल तोवर उचला. जयश्रीताईंनी आपल्या कचेरीमागची खोली दिली. सकाळी टेम्पो आला. अख्ख्या पाड्याने रांग लावून इरली हातोहात उतरवली. प्रत्येकाने एकेक डोक्यावर घेतलं, म्हणून लांबून बघणाऱ्याला वाटलं असणार, की ऑक्टोबरच्या उन्हात उधव्याच्या लोकांना काहीतरी झालं आहे. सुकी टेम्पोजवळ उभी राहून ओरडत होती, की मोडलं तर तिकडे हॉलंडला माझं नाव जाईल.

टेम्पो गेला आणि घर भलतंच मोठं दिसायला लागलं. हिरू ओटीवर बसला. हात मोकळे होते, ते कुठे ठेवायचे त्याला कळेना. दुपारी कणगी वर चढवली, पहिल्या भाऱ्याचं भात झोडून तिच्यात ओतलं, आणि सुकी बकऱ्यांकडे गेली, तेव्हा तो हळूच शिडी चढून माळ्यावर गेला. सगळं खरंच गेलं का, एवढंच बघायचं होतं.

एक राहिलं होतं. कणगीच्या तोंडावर झाकण म्हणून पालथं घातलं होतं. डाव्या बाजूला कललेलं, वाकडं. हिरूने हात लावून बघितला. कामट्या काळ्या पडून गुळगुळीत झाल्या होत्या, त्याच्याच हातच्या, त्या पहिल्या वर्षीच्या. पानं मात्र यंदाची होती. पानं काही सव्वीस वर्षं टिकत नाहीत. म्हणजे कोणीतरी ती दर पावसाळ्याला बदलत आलं होतं, न सांगता, त्या सगळ्या ढिगाच्या मागे कुठेतरी ठेवून.

हिरू खाली उतरला तेव्हा सुकी दारात उभी होती.

"एक ऱ्हायलंय वर," हिरू म्हणाला. "टेम्पोत घालायचं चुकलं."

"ते विकायचं नाय," सुकी म्हणाली. "कणगीला झाकण लागतं."

"मंग चुलीत घातलं ते?"

"तू म्हणत होतास. मी कधी म्हटलं?" तिने दारामागचा कोयता काढून त्याच्या हातात दिला. "जा, बेटावर जा. देवाला इचारून आण. आता जागा हाय."